शाळा निवडण्याचा हक्क आणि फ्लॉरिडाची मॅके शिष्यवृत्ति

इ. स. १९९९ सालीं अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं फ्लॉरिडा राज्यांत, समुद्रकांठच्या सारासोटा जिल्ह्यांत, एक लहानसा प्रयोग सुरू झाला. अपंग मुलाच्या आईबापांना सरकारी शाळा पसंत नसेल तर त्यांनीं मुलाला खाजगी शाळेंत घालावें, आणि सरकारी शाळेंत त्या मुलावर जो पैसा खर्च झाला असता त्यांतून राज्यानें त्या खाजगी शाळेची फी भरावी, असा तो प्रयोग होता. पहिल्या वर्षीं त्याचा लाभ घेणारीं मुलें अवघीं दोन होतीं. पुढच्या वर्षीं ही सवलत साऱ्या राज्याला लागू झाली व मुलांची संख्या हजाराच्या घरांत गेली. वीस वर्षांच्या आंत ती तीस हजारांच्या आसपास पोंचली. जॉन मॅके या सिनेटरचें नांव या शिष्यवृत्तीला मिळालें. मॅके हे पुढें फ्लॉरिडाच्या सिनेटचे अध्यक्ष झाले. त्यांच्या स्वतःच्या मुलीला शिकण्यांत अडचण होती, आणि बाप या नात्यानें आलेला तो अनुभव कायदा करतांना त्यांच्या पाठीशीं होता.

दोन मुलांपासून तीस हजारांपर्यंतची ही वाढ वरवर पाहतां निर्भेळ सुखाची कथा वाटते. परंतु शिष्यवृत्ति घेऊन खाजगी शाळेंत नांव घातलें म्हणजे एका हातानें कांहीं मिळे आणि दुसऱ्या हातानें कांहीं जाई. जें मिळे तें डोळ्यांना दिसत असे. जें जाई तें बहुतेक आईबापांना ठाऊकहि नसे. तें काय होतें हें कळण्यासाठीं ऐंशी वर्षें मागें जावें लागतें.

विस्कॉन्सिन राज्यांत अँटिगो नांवाचें एक लहान शहर आहे. तेथील एका मुलाला जन्मापासून पक्षाघातासारखी व्याधि होती. हातपाय त्याच्या पुरते ताब्यांत नव्हते, बोलणें अडखळत येई आणि तोंडांतून लाळ गळे. बुद्धि मात्र शाबूत होती. अभ्यासांत तो इतरांच्या बरोबरीनें चाले. पांचवीपर्यंत तो शहराच्या शाळेंत शिकला. त्यानंतर शाळेच्या अधिकाऱ्यांनीं त्याला वर्गांत घेण्याचें नाकारलें. त्याच्या दर्शनानें शिक्षकांच्या व सोबतच्या मुलांच्या मनावर वाईट परिणाम होतो, असें कारण दिलें गेलें. बहिऱ्या व बोलण्यांत दोष असलेल्या मुलांसाठीं निराळा वर्ग होता, तेथें जाण्यास त्याला सांगण्यांत आलें. मुलगा बहिरा नव्हता. खालच्या कोर्टांत ज्यूरीनें मुलाच्या बाजूनें कौल दिला. परंतु राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें १९१९ सालीं शाळेचाच निर्णय कायम केला. एका न्यायमूर्तींनीं तेवढें विरुद्ध मत नोंदवलें.

या निकालाचा आज कोणालाहि संताप येईल. परंतु त्या काळीं तो जगावेगळा नव्हता. अपंग मुलानें सार्वजनिक शाळेच्या बाहेर राहावें, त्याच्यासाठीं निराळ्या संस्था असाव्या, आणि त्या धर्मकृत्य म्हणून चालाव्या, ही एकोणिसाव्या शतकाची रीतच होती. अशा संस्थांनीं थोर कार्य केलें यांत शंका नाहीं. कनेक्टिकट राज्यांतील हार्टफर्ड येथें १८१७ सालीं टॉमस गॅलॉडेट आणि फ्रान्सहून आलेले बहिरे शिक्षक लॉरां क्लेर्क यांनीं मूकबधिरांची शाळा काढली. दोनच वर्षांत शेजारच्या मॅसॅच्युसेट्स राज्यानें आपल्याकडील गरीब बहिऱ्या मुलांचा तेथील खर्च सरकारी तिजोरींतून देण्यास आरंभ केला. तेव्हां सरकारनें पैसा द्यावा आणि सरकारबाहेरच्या संस्थेनें शिकवावें ही कल्पना १९९९ सालीं नव्यानें जन्मली, असें मुळींच नाहीं. पण १८१९ चा तो पैसा म्हणजे दया होती. मिळाली तर मिळाली. न मिळाली तर शाळेचें दार बंद, आणि त्याविरुद्ध दाद मागण्यास जागा नव्हती.

ती जागा १९७१-७२ च्या सुमारास निर्माण झाली. काळ्या व गोऱ्या मुलांना निरनिराळ्या शाळांत बसवणें घटनेला धरून नाहीं, असा निकाल सुप्रीम कोर्टानें १९५४ सालीं दिला होता. तोच न्याय आपल्या मुलांना कां नको, असा प्रश्न पेनसिल्व्हेनियांतील मतिमंद मुलांच्या पालकांच्या संस्थेनें कोर्टापुढें मांडला. ज्या मुलाचें मानसिक वय पांच वर्षांचें झालेलें नाहीं त्याला शाळेबाहेर ठेवण्याची मुभा त्या राज्याचा कायदा देत होता. खटला तडजोडीनें मिटला आणि राज्यानें अशा सर्व मुलांना शिकवण्याचें पत्करलें. १९७२ सालीं राजधानी वॉशिंग्टनच्या शाळामंडळानें 'आमच्यापाशीं पैसा नाहीं' ही सबब पुढें केली. न्यायाधीश जोसेफ वॉडी यांनीं ती मानली नाहीं. पैसा अपुरा असेल तर त्याची झळ सर्व मुलांनीं सोसावी, एकट्या अपंग मुलावर तिचा भार पडूं नये, असा त्यांच्या निकालाचा आशय होता.

या दोन निकालांच्या पायावर २९ नोव्हेंबर १९७५ रोजीं मध्यवर्ती सरकारचा कायदा उभा राहिला. देशांत ऐंशी लाखांहून अधिक अपंग मुलें आहेत, त्यांतील निम्म्याहून अधिकांना योग्य शिक्षण मिळत नाहीं, आणि दहा लाख मुलें तर सार्वजनिक शाळेच्या अगदींच बाहेर आहेत, असें त्या कायद्यांतच नमूद केलेलें होतें. व्यंग कितीहि मोठें असो, प्रत्येक मुलाला मोफत व योग्य शिक्षण द्यावयाचें, हें त्या कायद्याचें मुख्य वचन. तें पाळलें जावें म्हणून त्या एका मुलापुरती लेखी योजना दरवर्षीं करावयाची. ती करतांना आईबापांना बैठकींत बसवावयाचें. होतां होईल तों मूल इतर मुलांबरोबर शिकवावयाचें. आणि आईबापांना योजना पटली नाहीं तर तिऱ्हाईत अधिकाऱ्यापुढें व तेथून कोर्टांत जाण्याची वाट त्यांना मोकळी ठेवावयाची. १९९० सालीं कायद्याचें नांव बदललें, गाभा तोच राहिला. राष्ट्राध्यक्ष जेरल्ड फोर्ड यांनीं सही करतांनाच बजावलें होतें कीं, मध्यवर्ती सरकारला झेपेल त्याहून अधिक वचन या कायद्यानें दिलें आहे. त्यांचें भाकीत खोटें ठरलें नाहीं. दर मुलामागील सरासरी खर्चाच्या शेंकडा ४० पर्यंत मदत देण्याचें ठरलें होतें. तो आंकडा एकदांहि गांठला गेला नाहीं. खर्चाचा मोठा बोजा राज्यांवर व गांवोगांवच्या शाळामंडळांवर पडला, आणि शाळा व पालक यांच्यामधील बैठकींत न बोलतां तो पैसाहि एका खुर्चीवर येऊन बसूं लागला.

कायद्यांतील 'योग्य' या एका शब्दावर सारें अवलंबून होतें. त्याचा अर्थ प्रथम १९८२ सालीं ठरला. न्यू यॉर्क राज्यांतील एका बहिऱ्या मुलीच्या आईबापांची मागणी होती कीं, वर्गांत तिच्यासाठीं खुणांच्या भाषेचा दुभाषी असावा. आईबाप स्वतःहि बहिरे होते. मुलगी हुशार होती. ओठांच्या हालचालींवरून व यंत्राच्या साहाय्यानें जेवढें कळेल तेवढ्यावर ती इयत्ता चढत होती, परंतु वर्गांत बोललें जाणारें बरेंचसें तिच्या कानांआड जात होतें. सुप्रीम कोर्टानें सहा विरुद्ध तीन मतांनीं ठरविलें कीं, मुलाला शिक्षणाचा कांहीं लाभ झाला म्हणजे कायद्याचें समाधान झालें; त्याच्या शक्तीचा पूर्ण विकास करणें शाळेवर बंधनकारक नाहीं. दुभाषी मिळाला नाहीं. दार उघडण्याची हमी मिळाली होती. दाराच्या आंत काय मिळावें याची हमी मात्र फार तोटकी निघाली.

मग ज्यांच्या गांठीं पैसा होता त्या आईबापांनीं दुसरी वाट धरली. मॅसॅच्युसेट्समधील बर्लिंग्टन गांवच्या एका बापानें शाळेची योजना नाकारून मुलाला स्वतःच्या खर्चानें खास शाळेंत घातलें व मागाहून ती रक्कम शाळामंडळाकडे मागितली. सरकारी योजना अयोग्य आणि खाजगी शाळा योग्य ठरल्यास पैसे परत मिळूं शकतात, असें १९८५ सालीं सुप्रीम कोर्टानें मान्य केलें. १९९३ चा दक्षिण कॅरोलायनांतील खटला याहून बोलका आहे. तेथील शाळेनें वाचनांत फार मागें पडलेल्या एका मुलीसाठीं वर्षाअखेर चार महिन्यांची प्रगति, एवढेंच ध्येय लेखी ठरवलें होतें. म्हणजे योजना तंतोतंत पार पडली असती तरी मुलगी दरवर्षीं आठ महिन्यांनीं मागें पडावयाची. आईबापांनीं तिला खाजगी शाळेंत घातलें. तीन वर्षांत तिचें वाचन तीन इयत्ता पुढें गेलें. ती शाळा राज्याच्या मंजूर यादींत नव्हती, तरीहि कोर्टानें एकमतानें आईबापांना पैसे देवविले.

ही वाट न्यायाची होती, पण गरिबाची नव्हती. आधीं हजारों डॉलर स्वतः भरावयाचे, वकील लावावयाचा, वर्षानुवर्षें थांबावयाचें, आणि हरल्यास सारें आपल्या शिरीं. २००५ सालीं सुप्रीम कोर्टानें असेंहि ठरविलें कीं, योजनेविरुद्ध दाद मागणाऱ्यानेंच आपली बाजू सिद्ध केली पाहिजे. दुकानांत काम करणाऱ्या आईला किंवा ट्रक चालवणाऱ्या बापाला हें कोठून जमावें? मॅके शिष्यवृत्तीचा जोर येथें होता. कोर्टकचेरी नको, वकील नको, वाट पाहणें नको. मूल आधींचें वर्ष फ्लॉरिडाच्या सरकारी शाळेंत असलें आणि त्याच्या नांवें लेखी योजना असली कीं आईबापांनीं शाळा शोधावी, तिनें मुलाला घ्यावें, आणि धनादेश निघावा. मुलाला लागणाऱ्या सेवांचा एक तक्ता सरकारी शाळा भरीत असे. त्या तक्त्यांतील पायरीप्रमाणें रक्कम ठरे. सरासरीनें ती कित्येक वर्षें सात हजार डॉलरांच्या आसपास होती. खाजगी शाळेची फी याहून कमी असल्यास तेवढीच मिळे. जास्त असल्यास वरचा भरणा आईबापांचा. दुसरी सरकारी शाळाहि या योजनेंत निवडतां येत असे.

आतां दुसऱ्या हाताचा हिशेब. खाजगी शाळेंत पाऊल टाकतांच १९७५ च्या कायद्याचें छत्र मुलाच्या डोक्यावरून दूर होई. लेखी योजना पाळण्याचें बंधन नव्या शाळेवर नव्हतें. तिनें मूल नाकारलें, किंवा घेऊन चार महिन्यांनीं परत पाठवलें, तर तिऱ्हाईत अधिकाऱ्यापुढें जाण्याची सोय नव्हती. खास शिक्षणाची पदवी शिक्षकापाशीं हवीच असें नव्हतें, आणि राज्याच्या परीक्षा त्या मुलांना देण्याची सक्ति नव्हती. आईबापांना एकच शस्त्र उरे, तें म्हणजे मुलाला तेथून काढणें. निवडीच्या पुरस्कर्त्यांचें म्हणणें असें कीं, हेंच शस्त्र सर्वांत प्रभावी आहे. कोर्टांत पांच वर्षें भांडण्यापेक्षां उद्यां सकाळीं दुसऱ्या शाळेंत जातां येणें बरें. या म्हणण्यांत तथ्य आहे. मात्र जवळपास दुसरी शाळा असावी लागते, आणि तिनें मुलाला घ्यावें लागतें. ज्याचें व्यंग मोठें व खर्चाचें, त्याला घेण्यास खाजगी शाळा सर्वांत नाखूश असणार हें सांगण्यास अर्थशास्त्री लागत नाहीं. भारताच्या २०१६ च्या कायद्यांत सहा ते अठरा वर्षांच्या, ठरावीक प्रमाणाइतकें अपंगत्व असलेल्या मुलाला शेजारची शाळा किंवा विशेष शाळा यांपैकीं पसंतीच्या ठिकाणीं मोफत शिक्षणाचा हक्क दिलेला आहे. त्याचा अंमल कितपत होतो हा प्रश्न निराळा; पण त्या शब्दयोजनेंत निवड ही हक्काच्या पोटांत आहे. फ्लॉरिडांत ती हक्काच्या मोबदल्यांत होती.

आईबाप मात्र एकंदरींत खूष होते. २००३ सालीं मॅनहॅटन इन्स्टिट्यूट या संस्थेनें पाहणी केली. शिष्यवृत्ति घेणाऱ्यांपैकीं दहांतील नवांहून अधिक पालकांनीं नव्या शाळेबद्दल समाधान दाखवलें. जुन्या सरकारी शाळेबद्दल तें तिघांतील एकानें दाखवलें होतें. नव्या वर्गांत मुलें जवळजवळ निम्मीं होतीं. ही संस्था शाळानिवडीच्या बाजूची आहे हें लक्षांत ठेवूनहि हा आंकडा झटकून टाकण्याजोगा नाहीं. ज्या मुलाला वर्गांत रोज चिडवलें जाई तें सुखानें शाळेंत जाऊं लागलें, एवढ्यावर आई समाधान मानीत असेल तर तिला दोष कोण देईल?

दुसरी बाजू काळी होती. देखरेख सैल असल्यामुळें केवळ धनादेशासाठीं शाळा निघाल्या. २००६ सालीं राज्याला नियम कडक करावे लागले. तरी २०११ सालीं 'मायामी न्यू टाइम्स' या साप्ताहिकानें जें उघडकीस आणलें तें वाचवत नाहीं. एक शाळा मद्याच्या दुकानावरील खोल्यांत भरे. अग्निशमन खात्यानें ती जागा बंद पाडल्यावर ती चर्चच्या ओसरींत आणि सार्वजनिक बागांत भरूं लागली. सरकारचे पैसे त्या काळांतहि येत होते. सरकारी शाळेंत असें घडलें असतें तर पालकांच्या हातीं १९७५ चा कायदा होता. येथें तो त्यांनीं मागें टाकलेला होता, आणि तो आपण मागें टाकीत आहों हें त्यांना सांगितलें होतें कीं काय, याचीच शंका. २०१७ च्या नोव्हेंबरांत अमेरिकन काँग्रेसच्या हिशेबतपासनीस कचेरीनें देशांतील अशा योजनांची झडती घेतली. केवळ अपंगांसाठीं असलेल्या योजनांतील शेंकडा ८३ मुलें अशा योजनांत होतीं, कीं ज्यांनीं हक्क बदलल्याची माहिती पालकांना दिलीच नव्हती किंवा चुकीची दिली होती.

योगायोगानें त्याच वर्षीं मार्चमध्यें कोलोरॅडोंतील एका स्वमग्न मुलाच्या खटल्याचा निकाल लागला होता. शाळा वर्षामागून वर्ष तींच ध्येयें त्याच्या योजनेंत उतरवीत होती. २०१० सालीं आईबापांनीं त्याला खास शाळेंत हलवलें. तेथें तो सुधारला. सुप्रीम कोर्टानें एकमतानें सांगितलें कीं, नांवापुरता लाभ पुरेसा नाहीं. मुलाच्या परिस्थितीला साजेल अशी खरीखुरी प्रगति योजनेनें साधली पाहिजे. १९८२ चा तोटका अर्थ पस्तीस वर्षांनीं रुंद झाला. तो या आईबापांना रुंद करतां आला, कारण त्यांनीं आपला हक्क सोडलेला नव्हता. शिष्यवृत्ति घेऊन गेलेल्या कुटुंबाला हा खटला भरतांच आला नसता. एका मुलाचा प्रश्न दुसऱ्या शाळेनें सुटतो. शाळेचा दोष मात्र कोणी तरी मागें राहून भांडल्यावांचून जात नाहीं. शिष्यवृत्तीनें भांडण्याची गरज कमी केली, आणि भांडणारेहि कमी केले.

या शिष्यवृत्तीचा आणखी एक परिणाम आहे, व तो अपंग मुलांपुरता नाहीं. सरकारी पैसा पालकाच्या हातीं देऊन शाळांत चढाओढ लावावी, हें मत मिल्टन फ्रीडमन या अर्थशास्त्रज्ञानें १९५५ सालीं मांडलें होतें. पुढें पस्तीस वर्षें तें बहुतेक कागदावरच राहिलें. १९९० सालीं मिल्वॉकी शहरांत गरीब मुलांसाठीं त्याचा पहिला मोठा प्रयोग झाला. मुख्य अडचण घटनेची होती, कारण बहुतेक खाजगी शाळा धर्मपंथांच्या. ती अडचण कोणी दूर केली हें पाहिलें म्हणजे आश्चर्य वाटतें. १९८६ सालीं एका अंध विद्यार्थ्याला सरकारी मदतीवर धर्मोपदेशकाचें शिक्षण घेण्यास मध्यवर्ती घटनेची आडकाठी नाहीं, असें ठरलें. १९९३ सालीं ॲरिझोनांतील एका बहिऱ्या मुलाला कॅथलिक शाळेंत सरकारी खर्चानें दुभाषी देतां येईल, असें ठरलें. सरकारी शाळेंतल्या मुलीला १९८२ सालीं जो मिळाला नाहीं तोच हा दुभाषी! आणि २००२ सालीं सुप्रीम कोर्टानें क्लीव्हलंडची व्हाउचर पद्धति सर्व मुलांच्या संदर्भांत वैध ठरवली, ती याच दोन निकालांच्या आधारानें.

राज्यांतहि तेंच झालें. अपंग मुलाच्या मदतीला विरोध करण्यास कोण उभा राहणार? युटा राज्यानें २००५ सालीं अपंगांसाठीं कार्सन स्मिथ शिष्यवृत्ति काढली. दोन वर्षांनीं तीच सोय सर्व मुलांना देणारा कायदा मतदारांनीं फेटाळला, पण ही शिष्यवृत्ति टिकली. फ्लॉरिडाच्या सर्वोच्च न्यायालयानें २००६ सालीं नापास ठरलेल्या शाळांतील मुलांचीं व्हाउचरें रद्द केलीं, मॅके शिष्यवृत्ति तशीच राहिली. ॲरिझोनाची कथा सर्वांत लांब आहे. तेथील न्यायालयानें २००९ सालीं अपंगांचें व्हाउचर रद्द केलें. २०११ सालीं विधिमंडळानें युक्ति काढली. पैसे शाळेला न देतां पालकाच्या खात्यांत टाकावयाचे. हीं खातीं आरंभीं केवळ अपंग मुलांसाठीं होतीं, मग हळूहळू इतरांसाठीं उघडत गेलीं. २०१८ सालीं मतदारांनीं त्यांचा विस्तार झिडकारला, तरी २०२२ सालीं तीं राज्यांतील प्रत्येक मुलाला खुलीं झालीं.

फ्लॉरिडांत २०१४ सालीं अशाच खात्यांची एक योजना निघाली होती. ज्यांच्या मुलाला डाउन सिंड्रोम आहे त्या अँडी गार्डिनर या सिनेट अध्यक्षांचें नांव तिला पुढें मिळालें. २०२१ च्या कायद्यानें गार्डिनर आणि मॅके या दोन्ही शिष्यवृत्त्या एका मोठ्या कुटुंब-शिष्यवृत्तीच्या पोटांत घेतल्या, आणि २०२२ च्या उन्हाळ्यांत मॅके शिष्यवृत्ति स्वतंत्रपणें उरली नाहीं. २०२३ सालीं राज्यांतील साऱ्या मुलांना, श्रीमंतांच्या मुलांनासुद्धां, शाळानिवडीचा पैसा मिळूं लागला. अपंग मुलांसाठीं निराळी शाखा ठेवलेली आहे. तिच्यांतून खाजगी शाळेंत जाणाऱ्या मुलाला १९७५ च्या कायद्याचे हक्क दाराबाहेर ठेवावे लागतात, ही अट मात्र सारासोटाच्या त्या पहिल्या दोन मुलांच्या वेळीं होती तशीच आहे.